मोडलेला नेम आणि ठिपक्यांच्या ओळी

प्रार्थनेचा नेम चार दिवस चालून पाचव्या दिवशी मोडला, की आता येत्या रविवारपासून, किंवा पुढच्या उपवासकाळापासून, सारे नव्याने आरंभावे असे साधकास वाटू लागते; आणि या मुदतवाढीतच बहुतेक नेम बुडतात. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी, पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली ज्यास मान्यता दिली त्या आपल्या साधनाग्रंथात, या दुखण्यावर सांगितलेला उपाय एखाद्या दक्ष कारकुनास शोभेल असा आहे. एकच दोष निवडावा. तो घडताच, चारचौघांतही कोणास न कळेल अशा बेताने, हात छातीशी नेऊन अनुताप व्यक्त करावा. आणि दुपारच्या व रात्रीच्या जेवणानंतर गेल्या प्रहरांची झडती घेऊन, जितक्या वेळा स्खलन झाले तितके ठिपके त्या त्या वेळेच्या ओळीवर मांडावेत. दिवसाच्या दोन ओळी, आठवड्याच्या १४. रुजवात करावयाची ती दुपारच्या ओळीशी रात्रीच्या ओळीची, कालच्याशी आजची. (आठवडाभर कोऱ्या ओळी दाखविणाऱ्या साधकाविषयी मला तर शंकाच येईल.) दुपारचा हिशेब आटोपला, की तेथल्या तेथे पुन्हा निश्चय करून रात्रीच्या झडतीपर्यंत सुधारणेस लागावयाचे, मग ओळीवर ठिपके सात पडलेले असोत की सतरा.