हेडलाइटची काच पांढरी पडली? हंगामाआधी दिवे उजळून घ्या!



गळीत हंगाम तोंडावर आला की आपली सर्वांची लगबग सुरू होते. टोळ्यांचे करार, बैलगाड्यांची डागडुजी, ट्रॅक्टरचे ऑइल, ट्रॉलीचे टायर, सगळे जातीने पाहिले जाते. पण गाडीच्या पुढच्या दिव्याकडे मात्र कोणी बघत नाही. बल्ब पेटतोय ना, मग झाले! अहो, बल्ब पेटतो, पण त्याचा उजेड रस्त्यावर पडतो का, हा खरा प्रश्न आहे. जीप, मोटार, पिकअप, नव्या धाटणीचा ट्रॅक्टर, कोणतेही वाहन चार-सहा वर्षांचे झाले की हेडलाइटची काच दुधाळ, पिवळट होऊ लागते. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी! हंगामात रात्रभर रस्ते उसाच्या वाहनांनी भरलेले असतात. अशा रस्त्यावर असा दिवा घेऊन निघणे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

ही काच नव्हेच!

आपण बोलताना 'काच' म्हणतो, पण आजच्या बहुतेक गाड्यांच्या दिव्यावरचे आवरण पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकचे असते. १९५३ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीत हर्मान श्नेल या रसायनशास्त्रज्ञाने हे प्लॅस्टिक तयार केले. हे वजनाला हलके, हव्या त्या आकारात बसणारे आणि दगड लागला तरी सहसा न फुटणारे. अमेरिकेत १९४० पासून मोटारींना सीलबंद काचेचेच दिवे लावावे लागत. १९८३ मध्ये तो नियम सैल झाला आणि १९८४ सालच्या लिंकन मार्क सेव्हन या मोटारीवर नव्या पद्धतीचे, बल्ब बदलता येणारे दिवे आले. पुढे ही पद्धत जगभर पसरली.

आपल्याकडची जुनी अॅम्बॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी आठवा. त्यांचे दिवे अस्सल काचेचे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. तोवर त्या गाड्यांचे पत्रे गंजले, सीट फाटले, पण दिव्याची काच काही पिवळी पडली नाही. प्लॅस्टिकचे तसे नाही. उन्हातले अतिनील किरण त्याचा वरचा थर मोडतात आणि तो पिवळा पडतो. म्हणून कारखान्यातून येतानाच त्यावर संरक्षक लेप दिलेला असतो. धूळ, खडी आणि ऊन यांनी तो लेप झिजला की खालचे प्लॅस्टिक उघडे पडते आणि मग बघता बघता खराब होते.

जुहूच्या रस्त्यावर काय दिसले

आपल्यापैकी अनेकांची मुले, भाचे-पुतणे नोकरीनिमित्त मुंबईस आहेत. अशाच घरगुती कामाने आम्ही अंधेरीजवळ जुहूला गेलो होतो. जुहू म्हटले की चौपाटी डोळ्यांपुढे येते. तिथला विमानतळही जुना आणि नावाजलेला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ते जुहूलाच. आमचे लक्ष मात्र गेले ते जुहू तारा रोड आणि आसपासच्या गल्ल्यांत उभ्या असलेल्या गाड्यांकडे. सावलीला जागा नाही म्हणून कित्येक मोटारी वर्षानुवर्षे उघड्यावर, समुद्राच्या वाऱ्यात उभ्या. एकाच वयाच्या दोन गाड्या शेजारी पाहिल्या. झाडाखाली उभी राहणारीचे दिवे बऱ्यापैकी स्वच्छ, तर दिवसभर उन्हाकडे तोंड करून असणारीचे पार पिवळे!

पुष्कळांचा समज असा की समुद्राच्या खाऱ्या हवेने काच पिवळी पडते. ते तितकेसे खरे नाही. पिवळेपणा उन्हाचाच. खारी हवा दुसऱ्या दोन वाटांनी नुकसान करते. एक म्हणजे वाऱ्याबरोबर आलेली बारीक रेती आणि मीठ दिव्यावर बसते. सकाळी गाडी पुसणारा कोरडे फडके फिरवतो तेव्हा रेतीचा प्रत्येक कण त्या लेपावर ओरखडा काढतो. दुसरे म्हणजे बल्बच्या होल्डरला आणि वायरच्या टोकांना गंज चढतो. वीज नीट पोचत नाही. हॅलोजन बल्बला मिळणारा दाब एक दशांशाने घटला, तर उजेड जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने घटतो.

आपल्याकडे समुद्र नाही, पण ऊन आहेच. शिवाय फडातली माती, रस्त्यावरचा फुफाटा आणि चिपाडाची भुकटी रेतीचेच काम करते. आणखी एक गोष्ट. मुंबईची जुनी मोटार स्वस्तात मिळते म्हणून आणणारे सभासद बरेच आहेत. एमएच ०२ म्हणजे अंधेरी आरटीओ. अशा नंबरची गाडी पसंत करताना इंजिनाबरोबर तिचे दिवे आणि होल्डरही पाहून घ्या.

उजेड किती घटतो?

अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशन या वाहनधारकांच्या संघटनेने २०१८ मध्ये असे खराब दिवे तपासले. डिप्परवर त्यांचा उजेड नव्या दिव्याच्या साधारण २० टक्केच भरला. दिवे घासून पॉलिश केल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत परत आला.

आता आपला हिशेब मांडू. नव्या दिव्यात जी वस्तू ६० मीटरवर दिसते, ती एक पंचमांश उजेडात तितकीच स्पष्ट दिसायला सुमारे २७ मीटरवर यावी लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार, ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा वेळ धरून, कोरड्या रस्त्यावर थांबायला ४५ ते ५० मीटर घेते. म्हणजे पुढची ट्रॉली दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

आणि ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर आहे ना, असे म्हणून चालत नाही. रिफ्लेक्टरला स्वतःचा उजेड नसतो. मागच्या गाडीचा दिवा जितका उजेड त्याच्यावर टाकेल, त्याच मानाने तो परत देईल. पुढच्याने रिफ्लेक्टर लावला आणि मागच्याचा दिवा आंधळा असला, तर पुढच्याची खबरदारी वाया गेली. बैलगाडीवाल्याचा जीव असा आपल्या दिव्यावर अवलंबून असतो.

आधी नीट पाहा

दिवा धुऊन बोट फिरवा. वरून खडबडीत, पिवळट लागला तर तो घासून निघेल. आत पाणी साचत असेल, तर सील गेले आहे आणि वरून घासून काही होणार नाही. आतला चकचकीत आरसा काळवंडला असेल किंवा प्लॅस्टिकला आतपर्यंत तडे गेले असतील, तर दिवा बदलणेच योग्य. आणि जुन्या ट्रॅक्टरचा दिवा खऱ्या काचेचा असेल, तर त्याला वॉटर पेपर लावूच नका.

घरच्या घरी काम कसे करावे

दोन्ही दिव्यांना मिळून एक सकाळ पुरते. काम सावलीत आणि दिवा थंड असताना करावे.

१. भरपूर पाण्याने, सौम्य शाम्पूने दिवा धुऊन माती काढावी.

२. कडेच्या रंगावर मास्किंग टेप दुहेरी लावावी. नाहीतर दिवा उजळेल आणि बॉनेटचा रंग जाईल.

३. ८०० किंवा १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून एकाच दिशेने, हलक्या हाताने घासावे. सुरुवातीला पिवळे पाणी निघते, तो जुना लेप. पाणी पांढरे येईपर्यंत घासावे. पाणी सतत सोडत राहावे.

४. मग १५००, त्यानंतर २००० आणि मिळाल्यास ३००० नंबर. दर वेळी आधीच्या आडव्या दिशेने घासावे, म्हणजे मागचे ओरखडे गेले की नाही ते कळते. या टप्प्यावर दिवा आणखी पांढरा दिसतो. घाबरू नये.

५. मऊ कापडावर पॉलिशिंग कंपाउंड घेऊन गोल फिरवत चमक आणावी. मशीन वापरल्यास एकाच जागी धरू नये, प्लॅस्टिक तापते.

६. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, सुकवून, त्यावर अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा लेप द्यावा.

हा सहावा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. पुष्कळ जण पाचव्यावर थांबतात, दिवा लखलखतो आणि दोन-चार महिन्यांत पुन्हा पिवळा! कारण घासताना उरलासुरला लेपही निघालेला असतो. उघडे प्लॅस्टिक उन्हात सोडणे म्हणजे कुंपण काढून पीक गुरांपुढे ठेवणे. हार्डनर मिसळलेला क्लिअर कोट जास्त टिकतो, पण त्याची वाफ फुप्फुसाला घातक असते आणि नाकाला रुमाल बांधून भागत नाही. ते काम पेंटरकडूनच करून घ्यावे.

हे मात्र करू नका

टूथपेस्टने थोडी चमक येते, ती फार दिवस राहत नाही. डास पळवायचे मलम चोळले तर दिवा क्षणात स्वच्छ दिसतो, पण ते प्लॅस्टिकचा वरचा थर विरघळवते. थिनर, अॅसिटोन किंवा पेट्रोल लावल्यास बारीक तडे जातात. कॉस्टिक सोडा, धुण्याचा सोडा आणि अमोनियाचे क्लीनर यांनीही हे प्लॅस्टिक खराब होते. उजेड कमी म्हणून जास्त वॅटचा बल्ब टाकणे ही तर मोठी चूक. साधा हॅलोजन ६०/५५ वॅटचा असतो. त्याहून मोठा टाकला तर होल्डर वितळतो, वायरिंग जळते आणि उष्णतेने दिवाही खराब होतो. शिवाय समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळेच.

नंतरची निगा

गाडी शेडमध्ये किंवा झाडाच्या सावलीत लावावी. जागा नसेल तर निदान तोंड उन्हाकडे नसावे. दिवा कोरडा कधीही पुसू नये, आधी पाणी मारून माती वाहू द्यावी. दोन-तीन महिन्यांनी अतिनील संरक्षण असलेले मेण लावावे. नवी गाडी घेतली असेल तर दिव्यावर पारदर्शक संरक्षक फिल्म बसवणे उत्तम. होल्डरची टोके वर्षातून एकदा साफ करून घ्यावीत. आणि दिवे खोलले-बसवले की त्यांचा रोख मिस्त्रीकडून तपासून घ्यावा. स्वच्छ दिवा चुकीच्या उंचीवर असला तर समोरच्याला तोच घातक.

तेव्हा मंडळी, मोळी टाकण्याआधी एक सकाळ या कामासाठी काढा. घरात दोन गाड्या असतील तर दोन्हींचे करा, शेजाऱ्याला सांगा, शाळेत जाणाऱ्या मुलाला हाताशी घ्या. ट्रॉली आणि बैलगाडीच्या मागचे रिफ्लेक्टरही याच दिवशी पुसा. फडातून काट्यापर्यंत ऊस पोचायला हवाच, पण ऊस घेऊन गेलेला माणूस रात्री सुखरूप घरी यायला हवा. हंगामासाठी सर्वांना शुभेच्छा.