पोट साफ न होणे : चारचौघांत न बोलला जाणारा विकार

आम्ही बँकेतले कारकून, डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. परंतु रोखपालाच्या खिडकीवर जी वर्षे काढली, त्यांत या विकाराशी आमचा जवळून परिचय झाला. सकाळी घाईघाईने घर सोडायचे, आणि एकदा रोकड ताब्यात घेतली की उठायची सोय नाही. शरीराने दिलेली हाक दुपारपर्यंत थोपवायची. पुढे पुढे ती हाकच येईनाशी झाली. तेव्हा डॉक्टरांना विचारले, थोडे वाचले. ते येथे मांडत आहोत.

रोज सकाळी पोट साफ झालेच पाहिजे, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. वैद्यकशास्त्र तसे मानीत नाही. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, एवढा फरक निरोगी माणसांतही आढळतो. याहून कमी वेळा होणे, खडे पडणे, फार कुंथावे लागणे, होऊनही अपुरे वाटणे, अशांपैकी दोन तक्रारी तरी काही महिने सतत टिकल्या तर त्यास जुनाट मलावरोध म्हणतात. म्हणजे रोज शौचास जाणाऱ्यालाही तो असू शकतो.

साठलेला मळ रक्तात विष कालवतो, ही भीतीही जुनीच. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनचे नामांकित शल्यविशारद सर विल्यम अर्बथनॉट लेन यांनी याच समजुतीपायी कित्येक रोग्यांची मोठी आतडी कापून काढली. ती कल्पना पुढे टिकली नाही. आपल्याकडे मात्र चूर्णाच्या जाहिराती अजून तिच्यावरच चालतात!

खरा प्रकार साधा आहे. मोठे आतडे मळातील पाणी शोषून घेते. मळ जितका रेंगाळेल तितका कोरडा होतो. सकाळी उठल्यावर व खाल्ल्यानंतर आतडे जोराने आकुंचन पावते, मळ गुदाशयात येतो आणि जाणीव होते. ती वारंवार दाबली की बोथट होते. बीडीडी चाळींसारख्या वस्त्यांत मजल्यावरचे संडास सामाईक असत. तिथे रांगेत उभ्या राहिलेल्या आयाबहिणींना हे समजावून सांगण्याची गरज नाही. लाजेखातर रात्रीपर्यंत थांबणाऱ्या कितीतरी होत्या, आणि दोष मात्र त्यांच्या जेवणाला दिला जाई.

काहींचे आतडेच मंद चालते. काहींचे आतडे ठीक असते, पण कुंथताना जे स्नायू सैल पडायचे तेच आवळले जातात. ही दुसरी गोष्ट आम्हांला फार उशिरा कळली. अशा रोग्याने कितीही चूर्ण घेतले तरी उपयोग बेताचाच. त्याला यंत्राच्या साहाय्याने त्या स्नायूंचे शिक्षण द्यावे लागते, आणि पुष्कळांना गुण येतो. शिवाय लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधे, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, तसेच थायरॉइडची कमतरता व मधुमेह हीही कारणे असतात.

उपाय म्हणून भाकरी, उसळी, पालेभाज्या, पेरू हळूहळू वाढवावेत. एकदम वाढवल्यास पोट फुगते. इसबगोल पेलाभर पाण्याबरोबरच घ्यावा. न्याहारीनंतर दहा मिनिटे राखून ठेवावीत. वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी तर अवश्य. कमोड असल्यास पावलांखाली लहान पाट घ्यावा; उकिडवे बसल्यासारखे होऊन गुदाशयाचा बाक सरळ होतो. एवढ्याने न भागल्यास डॉक्टर रेचक देतात. त्यांच्या सल्ल्याने ते दीर्घकाळही घेता येते.

पण स्वतःच्या मनाने घेणे निराळे. आमच्या एका सहकाऱ्याला पन्नाशीनंतर हा त्रास नव्याने सुरू झाला. रक्त पडे, ते मूळव्याध समजून त्यांनी वर्षभर चूर्णावर काढले. घरीसुद्धा बोलले नाहीत. अखेर अशक्तपणाने खिडकीवरच बसवेना, तेव्हा तपासणी झाली आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला.

रक्त पडणे, वजन घटणे, रक्तक्षय, चाळिशी-पन्नाशीनंतर सवयीत अचानक झालेला बदल, किंवा घरात कोणास आतड्याचा कर्करोग झालेला असणे, यांपैकी काहीही असल्यास चूर्णाची पुडी बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. किती दिवसांनी होते, केव्हापासून, कसे होते आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, एवढे कागदावर लिहून न्यावे. तोंडाने सांगणे जड वाटले तर तो कागदच त्यांच्या हाती द्यावा. आम्हीही तेच केले होते.