‘पुनर्रचना करणे’ : अर्थ आणि वापर

‘पुनर्रचना’ हा शब्द संस्कृत वळणाचा असला तरी त्याची घडण संस्कृत संधिनियमांना धरून झालेली नाही. रेफापुढे रेफ आला असता पहिल्याचा लोप होतो व मागील स्वर दीर्घ होतो, असे पाणिनी सांगतो. ‘नीरस’, ‘नीरोग’ ही रूपे अशीच सिद्ध झाली. त्या न्यायाने ‘पुनारचना’ व्हावयास हवे होते. मराठीने दोन्ही रेफ राखले, कारण ‘पुन्हा’ हा अर्थ कानाला स्पष्ट जाणवणे तिला महत्त्वाचे वाटले असावे.

हे ‘पुन्हा’ मात्र फसवे आहे. पुन्हा रचावयाचे तर आधीची रचना मोडावी लागते आणि शब्दात त्या मोडण्याचा मागमूस नाही. रोजच्या मराठीत ‘मांडणे’ आणि ‘मोडणे’ ही जोडी आहे: संसार मांडतात, मोडतात, डाव मांडतात, मोडतात. ‘पुनर्रचना’ या जोडीतील दुसरे पद गिळून टाकते. कर्ता लपतो हा या शब्दावरील नेहमीचा आक्षेप तितकासा खरा नाही. ‘करणे’च्या जागी ‘होणे’ आले की कर्ता जातो; पण ‘घर लावले’चेही ‘घर लागले’ होतेच.

राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ पाहावा. त्याने हैदराबाद राज्य संपुष्टात आले, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. अधिनियमाच्या नावात यातील केवळ रचना उरली.

देहूशेजारचे तळवडे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. शेतीच्या या गावात पुढे सॉफ्टवेअर पार्क उभा राहिला. अशा गावांत जमीन हातची जाते तेव्हा तलाठ्याच्या दप्तरी ‘फेरफार’ नोंदला जातो. हाही बदलाचाच शब्द. परंतु त्या नोंदीत कोणाचे नाव कमी झाले व कोणाचे लागले हे लिहावे लागते, हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते, हरकत घेता येते. कारखान्यांच्या पट्ट्यात ‘कंपनीची पुनर्रचना झाली’ या वाक्याला तशी सोय नाही. तेथील कामगार तीच घटना ‘त्याला कामावरून कमी केले’ अशी सांगतो. पहिल्या वाक्यात षष्ठी आहे ती कंपनीची. दुसऱ्यात द्वितीया आहे ती माणसाची.