स्क्रिप्टमधली माहिती दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हातात कशी द्यायची?



निकालपत्रक, हजेरी, पालकांचे मोबाईल नंबर अशी कामे आपल्यापैकी काही जण छोट्या पायथॉन स्क्रिप्टने करतात. मीही करते. मागच्या वर्षी त्यात माझी एक चूक झाली. मुलांची नावे आणि पालकांचे नंबर असलेली यादी मेल करण्याआधी जीपीजी या प्रोग्रॅमने कुलूपबंद करायची होती. यादी स्क्रिप्टमध्ये, म्हणजे संगणकाच्या मेमरीत, तयार होती. मी ती आधी तात्पुरत्या फाईलमध्ये लिहिली, फाईल जीपीजीला दिली आणि शेवटच्या ओळीत पुसून टाकायची असं ठरवलं. पण स्क्रिप्ट मध्येच एरर येऊन थांबली. पुसायची ओळ चाललीच नाही! सगळ्यांचे नंबर शाळेच्या सामायिक संगणकावर दोन दिवस उघडे पडून होते.

वर्गातून ऑफिसात निरोप कसा पाठवतो ते आठवा. इथेही तसेच तीन मार्ग आहेत.

१) फाईल : चिठ्ठी टेबलावर ठेवून येणे. कोणीही वाचेल, उचलायची राहूनही जाईल.

२) आर्ग्युमेंट : कमांडच्या नावापुढेच माहिती लिहिणे. हे म्हणजे दारातून ओरडून सांगणे. लिनक्सवर पीएस कमांडने चालू प्रोग्रॅम पाहिले, की हा मजकूर सहसा इतर युजरनाही दिसतो. लांबीलाही मर्यादा असते. पासवर्ड तर असा कधीच देऊ नका.

३) स्टँडर्ड इनपुट : चिठ्ठी थेट हातात देणे. कीबोर्डवरून येणारा मजकूर प्रोग्रॅम याच वाटेने वाचतो. या वाटेला स्क्रिप्ट जोडली की झाला पाइप. डग्लस मॅकिलरॉय यांच्या कल्पनेवरून केन थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये युनिक्समध्ये पाइप आणला. यात मधली फाईल बनतच नाही, मग पुसायची कशाला?

आता कृती पाहू. पायथॉनच्या सबप्रोसेस मॉड्यूलमध्ये रन नावाचे फंक्शन आहे. त्याला कमांड द्या आणि इनपुट या पॅरामीटरमध्ये आपला मजकूर द्या. जीपीजीला वाचायच्या फाईलचे नाव दिले नाही, तर तो स्टँडर्ड इनपुटवरूनच वाचतो. कुलूपबंद प्रत कुठे ठेवायची तेवढे सांगा.

तीन गोष्टी लक्षात ठेवा :

• मराठी मजकूर यूटीएफ-८ मध्ये एन्कोड करून द्या, नाहीतर नावांची अक्षरे बिघडू शकतात.
• चेक हे पॅरामीटर ट्रू ठेवा. म्हणजे कमांड फसली तर लगेच कळते.
• प्रत्येक प्रोग्रॅम स्टँडर्ड इनपुट वाचतोच असे नाही. काहींना फाईलच्या नावाच्या जागी नुसती आडवी रेघ (-) द्यावी लागते. आधी त्याची मदत-सूचना वाचा.

पालकांनी नंबर आपल्याला विश्वासाने दिलेले असतात. स्क्रिप्ट चालली एवढ्यावर समाधान मानू नका. मागे काय राहिलं, तेही एकदा पाहा.