दुर्ग-संग्रहालय

संरक्षणासाठी बांधलेला व त्या कामी निरुपयोगी ठरल्यावर वस्तुसंग्रहालय म्हणून जनतेस खुला केलेला ऐतिहासिक किल्ला. सामान्य वस्तुसंग्रहालयात इमारत हे वस्तू ठेवण्याचे साधन असते. दुर्ग-संग्रहालयात मात्र इमारत हीच पहिली व सर्वांत मोठी प्रदर्शित वस्तू होय. दालनांतील तोफा, शस्त्रे, नाणी, चित्रे यांचे स्थान त्यानंतरचे. हा भेद ध्यानी न घेता असे स्थळ पाहिल्यास वस्तू पाहून होतात व किल्ला पाहावयाचा राहून जातो. तो ध्यानी न घेता रूपांतर केल्यास वस्तूंची सोय होते, परंतु किल्ल्याचा इतिहास पुसला जातो.

उदय : तोफखान्यातील सुधारणांमुळे व राज्यांच्या सीमा बदलल्यामुळे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत असंख्य किल्ल्यांचे लष्करी महत्त्व संपले. काहींचा उपयोग तुरुंग, कोठार, कचेरी वा छावणी म्हणून होऊ लागला. अनेक ओस पडले. पॅरिसचे लूव्र हा मूळचा सु. ११९० मध्ये दुसऱ्या फिलिप राजाने उभारलेला किल्ला. पुढे त्या जागी राजवाडा झाला आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये, तेथे सार्वजनिक संग्रहालय सुरू झाले. जुन्या किल्ल्याचा पाया १९८० नंतरच्या उत्खननात उघडा करण्यात आला व तोही आता प्रेक्षकांना पाहता येतो. भारतात, शाहजहानने १६३९–४८ या काळात बांधविलेल्या दिल्लीच्या लाल किल्ल्यातील मुमताज महालात १९११ मध्ये संग्रहालय स्थापन झाले. तथापि १८५७ नंतर किल्ल्यात आलेले लष्कर २००३ मध्ये तेथून हलले. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटले १९४५ मध्ये याच किल्ल्यात सुरू झाले. सुभाषचंद्र बोस व ती सेना यांना वाहिलेले स्वतंत्र संग्रहालय तेथे २०१९ मध्ये उघडण्यात आले. एकाच तटाच्या आत मोगल राजवाडा, इंग्रजी बराकी व स्वातंत्र्यलढ्याचे स्मारक अशा तीन काळांच्या खुणा तेथे एकत्र दिसतात.

रेईश मागूश : गोव्यातील मांडवी नदीच्या उत्तर तीरावर, पणजीच्या समोर, बार्देश तालुक्यात असलेला हा किल्ला या प्रकाराचे ठळक उदाहरण होय. पोर्तुगीजांनी तो १५५१ मध्ये बांधला व १७०७ मध्ये त्याची मोठ्या प्रमाणावर पुनर्बांधणी केली. नदीचे पात्र येथे अरुंद असल्याने मुखातून आत येणारे जहाज तोफांच्या टप्प्यात सापडे. सावंतवाडीच्या भोसल्यांनी १७३९–४१ च्या सुमारास बार्देशचा बहुतेक भाग जिंकला, तरी रेईश मागूश व आग्वाद हे दोन किल्ले पोर्तुगीजांच्याच हाती राहिले. नेपोलियनशी युद्ध चालू असताना, १७९८ ते १८१३ या काळात, येथे इंग्रजी फौजेचा तळ होता. पुढे किल्ल्याचा तुरुंग झाला व तो १९९३ पर्यंत चालला. त्यानंतर पडझड झालेल्या या वास्तूचा जीर्णोद्धार गोवा शासन, ‘इंटॅक’ व हेलन हॅम्लिन न्यास यांच्या सहकार्याने वास्तुशिल्पी जेरार्ड द कुन्हा यांनी केला आणि २०१२ मध्ये ती लोकांना खुली झाली. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या चित्रांचे दालन व गोव्याच्या मुक्तिलढ्याविषयीचे प्रदर्शन तेथे आहे.

पाहण्याची रीत : दालनांत शिरण्यापूर्वी किल्ला बाहेरून पाहावा. तो नेमका याच उंचवट्यावर का आहे, त्यावरून कोणता जलमार्ग वा घाट दिसतो व पाण्याची सोय कोठे आहे, हे तीन प्रश्न मनाशी धरल्यास पुढील रचनेचा उलगडा होतो. त्यानंतर दरवाजा, त्यामागील पहारेकऱ्यांच्या देवड्या, तटाच्या माथ्यावरील फिरण्याची वाट म्हणजे फांजी, बंदुकीच्या माऱ्यासाठी ठेवलेल्या जंग्या, बुरूज, दारूकोठार व टाकी या क्रमाने जावे. रेईश मागूश येथे तटावर उभे राहून पलीकडचा पणजीचा किनारा पाहिला, म्हणजे तोफांची तोंडे नदीकडे का आहेत हे फलक न वाचताही कळते. तेच तोफेचे धूड दालनात चौथऱ्यावर ठेवले, तर केवळ ओतीव लोखंड उरते.

रूपांतरातील अडचणी : जाड भिंती, लहान झरोके व दमट हवा यांमुळे किल्ल्यातील खोल्या कागद, कापड वा चित्रे ठेवण्यास मुळात प्रतिकूल असतात. कोकण व गोव्यातील जांभा दगड सच्छिद्र असून पावसाळ्यात पाणी शोषतो. चुन्याच्या गिलाव्यातून ते बाहेर पडू शकते. सिमेंटचा गिलावा दिल्यास ओल आतच कोंडते आणि दगड झिजतो. म्हणून सिमेंटची दुरुस्ती मजबूत दिसली, तरी अशा वास्तूस ती घातक ठरते. याहून अवघड प्रश्न काळाच्या निवडीचा असतो. किल्ला मूळ स्वरूपात आणावयाचा असे ठरविल्यास कोणते स्वरूप मूळ मानावयाचे? तुरुंगाच्या कोठड्या कुरूप म्हणून पाडल्या, तर त्यांत दिवस काढलेल्यांची एकमेव खूण जाते. साऱ्याच भरी राखल्या, तर जुनी रचना झाकली जाते. उत्तम दुर्ग-संग्रहालयात ही निवड का केली, हे प्रेक्षकास स्पष्टपणे सांगितलेले असते.

संग्रहालयाविना किल्ला : रायगड जिल्ह्यातील उरणजवळचा द्रोणागिरी हे याच्या उलट उदाहरण होय. धरमतर खाडीचे मुख व मुंबई बंदराचा दक्षिण भाग या टेकडीच्या दृष्टिपथात येतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडे आलेला हा भाग १७३७–३९ च्या वसई मोहिमेच्या काळात मराठ्यांकडे आला. १७७४ मध्ये इंग्रजांनी तो घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने करंजा बेट (उरण) त्यांच्याकडे कायम राहिले. माथ्यावर दरवाजा, टाके व पोर्तुगीजकालीन चर्चचे भग्नावशेष आढळतात. दालने नाहीत, पायथ्याशी मात्र तेल व नैसर्गिक वायूचा प्रकल्प असून नवी मुंबईच्या एका उपनगरास या टेकडीचेच नाव मिळाले आहे. खाडी व बंदर यांवर नजर ठेवणे हे जे किल्ल्याचे प्रयोजन, ते आजही माथ्यावरून डोळ्यांनी पडताळता येते. भोवतालचा किनारा मात्र झपाट्याने बदलत आहे.

महाराष्ट्रातील अकरा व तमिळनाडूतील जिंजी असे मराठ्यांचे बारा किल्ले २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. उरलेल्या शेकडो किल्ल्यांपैकी प्रत्येकाचे संग्रहालय होणे शक्य नाही व इष्टही नाही. त्यांच्या बाबतीत अवशेषांची मोजणी व आराखडे करणे, सुटे दगड जागचे न हलविणे, पडत्या भिंतीस चुन्याचा आधार देणे आणि माहितीची दालने माथ्यावर न उभारता पायथ्याच्या गावी ठेवणे, एवढे झाले तरी पुष्कळ साधते. द्रोणागिरीसारख्या ठिकाणी निदान मोजणी व आराखडे यांचे काम तरी लांबणीवर टाकता येत नाही. कारण अवशेषांची नोंद होण्यापूर्वीच ते ढासळले, तर पुढे संग्रहालय उभारूनही त्यात दाखविण्यास किल्ला उरणार नाही.