विद्यावेतनाची उमेदवारी आणि भंडाऱ्याचे तरुण

भंडारा जिल्हा हा तळ्यांचा व धानाचा जिल्हा. मृगाचा पाऊस लागला कीं पऱ्हे टाकावयाचे, पुढें रोवणी उरकावयाची आणि दिवाळीच्या मागेंपुढें कापणीस लागावयाचें, या क्रमांत घरचीं सर्व माणसें गुंतलेलीं असतात. परंतु वाटण्या होतां होतां ज्यांच्या वांट्यास दोन-चार एकरांच्या बांध्या उरल्या, त्या घरीं दोन मुलगे व एक मुलगी शिकून तयार झालीं म्हणजे त्या सर्वांस वर्षभर पुरेल इतकें काम शेतांत नसतें, हें प्रत्येक कास्तकार जाणतो. बारावी किंवा आय.टी.आय. झालेलीं हीं मुलें मग संगणक, छायाचित्रण, चित्रफितींचें संपादन, ड्रोन असें कांहीं शिकूं म्हणतात. आणि धान विकून हातीं आलेला पैसा 'नोकरीची हमी' देणाऱ्या कोणत्या तरी वर्गाच्या फीमध्यें जातो. वस्तुतः शिकत असतां उमेदवारासच पैसे देणारे मार्ग आज उपलब्ध आहेत. ते कोणते, त्यांस अर्ज कसा करावा आणि सही करण्यापूर्वीं काय पहावें, याची फोड करणें हा या लेखाचा हेतु आहे.

तीन प्रश्न.— बियाण्याची पिशवी घेतांना शहाणा शेतकरी तिची चिठ्ठी वाचतो, मुदत पाहतो व पावती मागतो. शिक्षणाचीही अशीच परीक्षा करावी. पहिला प्रश्न : पैसा कोणाकडून कोणाकडे जातो? दुसरा : हें शिक्षण कोणत्या कायद्याखालीं अथवा योजनेखालीं आहे? तिसरा : शेवटीं हातीं कोणता कागद पडतो व तो कोण मानतो? या तीन प्रश्नांचीं लेखी उत्तरें जेथें मिळत नाहींत, तेथें मुलाचें नांव घालूं नये.

उमेदवारीचा कायदा.— सर्वांत जुना व भक्कम मार्ग म्हणजे १९६१ सालचा शिकाऊ उमेदवारांचा कायदा. ज्या आस्थापनेंत ३० किंवा अधिक माणसें काम करितात, तिला शिकाऊ उमेदवार घेणें बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसें असल्यास तें ऐच्छिक आहे. आपल्या जिल्ह्यांत जवाहरनगरची आयुध निर्माणी, गडेगांवचा अशोक लेलँडचा कारखाना, वरठीचा सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आणि तुमसर तालुक्यांतील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मॉयलच्या मँगनीजच्या खाणी हीं मोठ्या कामाचीं ठिकाणें आहेत. भंडारा रोड स्टेशन ज्या दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेच्या नागपूर विभागांत येतें, ती रेल्वेही उमेदवार घेते. रेल्वेच्या उमेदवारीस लेखी परीक्षा नसते. दहावीच्या व आय.टी.आय.च्या गुणांवरून यादी लागते. यासाठीं दहावीच्या वर्षाकडे दुर्लक्ष करणें पुढें महाग पडतें.

उमेदवारी म्हणजे केवळ लोखंडकाम, ही समजूत खरी नाहीं. आय.टी.आय.च्या व्यवसायांत संगणकचालक व प्रोग्रामिंग साहाय्यक, डेस्कटॉप पब्लिशिंग, डिजिटल छायाचित्रण, मल्टिमीडिया व ॲनिमेशन, संगणकदुरुस्ती व जाळेंजोडणी हेही आहेत. चार माणसें असलेलें छायाचित्रालय किंवा छापखानाही कायद्याप्रमाणें उमेदवार घेऊं शकतो, हें पुष्कळ मालकांस ठाऊकच नसतें. केंद्र सरकारच्या २०१६ सालच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेप्रमाणें विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांच्या मर्यादेपर्यंत, सरकार देतें. तरुणानें स्वतः मालकाकडे जाऊन ही गोष्ट समजावून सांगितली, तर जेथें जागा नव्हती तेथेंही जागा निघूं शकते.

विद्यावेतन व हक्क.— २०१९ सालच्या नियमांत महिन्याचें किमान विद्यावेतन पांचवी ते नववी झालेल्यास ५,००० रुपये, दहावी झालेल्यास ६,०००, बारावी झालेल्यास अथवा आय.टी.आय.चें प्रमाणपत्र असलेल्यास ७,०००, पदविकाधारकास ८,००० व पदवीधरास ९,००० रुपये असें ठरलें. दुसऱ्या वर्षीं त्यांत १० टक्के व तिसऱ्या वर्षीं १५ टक्के वाढ धरलेली आहे. हे दर ३६ टक्क्यांनीं वाढवावेत अशी शिफारस केंद्रीय उमेदवारी परिषदेनें २०२५ सालीं केली; म्हणून अर्जाच्या दिवशीं लागू असलेला दर विचारून घ्यावा. उमेदवारास नगावर मजुरी देतां येत नाहीं, आणि परवानगीवांचून त्याच्याकडून जादा वेळ काम घेतां येत नाहीं. त्याच्याशीं लेखी करार होतो व तो नोंदविला जातो. उमेदवार अल्पवयी असल्यास पालकाची सही लागते. हा करार सावकाश वाचावा. मालकानें करार मोडल्यास उमेदवारास भरपाई मिळूं शकते, तशीच उमेदवारानें मध्येंच सोडल्यास त्याच्याकडून शिक्षणाचा खर्च वसूल होऊं शकतो. रोवणीसाठीं महिनाभर घरीं येऊन मग परत जाऊं, हा बेत येथें चालत नाहीं. म्हणून त्या हंगामाची सोय घरच्यांनीं आधींच करावी.

जोखमीच्या कामाविषयीं एक शब्द सांगणें अवश्य आहे. जवाहरनगरच्या आयुध निर्माणींत २४ जानेवारी २०२५ रोजीं स्फोट होऊन कांहीं माणसें मृत्युमुखीं पडलीं, तें दुःख जिल्हा विसरलेला नाहीं. धोक्याच्या व्यवसायांत १८ वर्षांखालील उमेदवार घेतां येत नाहीं, आणि उमेदवारास कामावर इजा झाल्यास कायद्याप्रमाणें भरपाई देण्याची जबाबदारी मालकावर आहे. सुरक्षिततेचें शिक्षण प्रथम कोण व किती दिवस देणार, हें विचारण्यांत भित्रेपणा नाहीं.

सरकारी योजना.— महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. १८ ते ३५ वर्षें वयाच्या, राज्यांत राहणाऱ्या व शिक्षण संपलेल्या तरुणांसाठीं ती होती. बारावी झालेल्यास ६,०००, आय.टी.आय. अथवा पदविका असल्यास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये दरमहा असें विद्यावेतन ठरलें. मुदत आरंभीं ६ महिने होती, ती २०२५ सालीं ११ महिन्यांपर्यंत वाढविण्यांत आली. ही मुदत संपत आल्यावर कायम कामाची मागणी करीत राज्यांतील प्रशिक्षणार्थींनीं आंदोलनें केलीं. त्यावरून घ्यावयाचा बोध असा कीं, विद्यावेतन म्हणजे नोकरी नव्हे. तितक्या महिन्यांत काय हातीं लागलें, हीच खरी कमाई.

केंद्र सरकारची प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनाही २०२४ च्या ऑक्टोबरांत सुरू झाली. पहिल्या फेरींत २१ ते २४ वर्षें वय, कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आंत, आणि उमेदवार पूर्ण वेळ शिकत अथवा नोकरी करीत नसावा, अशा मुख्य अटी होत्या. मोठ्या कंपनींत १२ महिने काम, दरमहा ५,००० रुपये व एक वेळ ६,००० रुपये असें तिचें स्वरूप ठरलें. अशा योजनांच्या अटी दरवर्षीं बदलतात. मागील वर्षीं शेजारच्या मुलास जें लागू पडलें तें यंदा लागू पडेलच असें नाहीं.

बिनफीचे व फीचे वर्ग.— ज्यांस विद्यावेतन नाहीं पण फीही नाहीं, असे वर्गही उपयुक्त असतात. बँकांनीं चालविलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांचा उगम १९८२ सालीं कर्नाटकांतील उजिरे येथें निघालेल्या संस्थेंत आहे. आतां बहुतेक जिल्ह्यांत अशी संस्था आहे. आपल्या जिल्ह्यांत हें काम बँक ऑफ इंडियाकडे आहे. या संस्थांच्या अभ्यासक्रमांत छायाचित्रण व चित्रीकरण, मोबाईलदुरुस्ती असे विषय असतात, व शिक्षण, निवास आणि भोजन यांचा खर्च शिकणाऱ्यावर पडत नाहीं. २०१४ सालची दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनाही ग्रामीण तरुणांस फी न घेतां शिकविण्यासाठीं निघाली.

फी घेणारा प्रत्येक वर्ग लबाड असतो असें नाहीं. ड्रोन चालविण्याचा परवाना हें त्याचें उदाहरण. २०२१ सालच्या ड्रोन नियमांप्रमाणें त्यासाठीं १८ वर्षें वय व दहावी उत्तीर्ण असणें लागतें आणि नागरी विमानवाहतूक महासंचालनालयानें मान्य केलेल्या संस्थेंतच शिकावें लागतें. येथें फी असली तरी संस्थेचें नांव सरकारी यादींत आहे कीं नाहीं हें पडताळून पाहतां येतें. यादींत नांव नसल्यास ती फी पाण्यांत गेली असें समजावें.

अर्जाची तयारी.— सातबाऱ्यावर एक अक्षर चुकलें तर तलाठ्याकडे किती खेपा पडतात, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. अर्जाचेंही तसेंच आहे. दहावीचें प्रमाणपत्र, आधारपत्र व बँकेचें पुस्तक या तिहींवरील नांव व जन्मतारीख अक्षरशः एक असावी. नसल्यास अर्जापूर्वींच दुरुस्त करावी. सरकारी पैसा आधारशीं जोडलेल्या खात्यांतच जमा होतो, म्हणून ती जोडणी बँकेंत जाऊन तपासावी. रहिवास, उत्पन्न व जातीचे दाखले निकालाची वाट न पाहतां उन्हाळ्यांतच काढून ठेवावेत. अर्जांत मोबाईलचा क्रमांक स्वतःचाच द्यावा. सेवा केंद्रवाल्याचा दिल्यास बोलावण्याचा निरोप आपणांपर्यंत पोंचत नाहीं.

'आपणांस हें काम कां हवें' या रकान्यांत मोठे शब्द लिहूं नयेत. केलेलें काम लिहावें : सहकारी संस्थेच्या खतविक्रीच्या नोंदी तीन महिने संगणकावर केल्या, गांवच्या मंडईचें चित्रीकरण करून तें जोडलें, असें. छायाचित्रण, वृत्तपत्र किंवा नभोवाणीच्या कामासाठीं तर नमुना हीच खरी शिफारस होय. रोवणीवर, मोहाडीकडील कोशाच्या विणकरीवर किंवा गांवच्या जुन्या तलावावर तीन मिनिटांची नीट जोडलेली चित्रफीत तयार ठेवावी. साध्या मोबाईलवर ती होऊं शकते, आणि शंभर प्रमाणपत्रांहून ती अधिक बोलते.

फसवणुकीचीं लक्षणें.— विद्यावेतन देणारा जर प्रथम अनामत मागूं लागला, तर तेथूनच परत फिरावें. रेल्वेसारख्या ठिकाणीं अर्जाचें अल्प शुल्क असतें, परंतु तें जाहिरातींत छापलेलें असतें व सरकारी संकेतस्थळावरच भरावयाचें असतें. कोणा व्यक्तीच्या खात्यावर नव्हे. अशा संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट बहुधा 'गव्ह डॉट इन' असा असतो. मूळ प्रमाणपत्रें कोणाच्या स्वाधीन करूं नयेत. पडताळणीपुरतीं दाखवून परत घ्यावींत. मोबाईलवर आलेला गुप्त अंक कोणासही सांगूं नये. पैसा गेलाच तर लाजून घरीं न बसतां तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. पहिल्या कांहीं तासांतच तो अडविण्याचा संभव अधिक असतो.

घरचा हिशेब.— शेवटीं वडीलधाऱ्यांनीं मुलास समोर बसवून हिशेब करावा. नागपूर सुमारें ६० किलोमीटर. तेथें खोलीचें भाडें, खाणावळ व प्रवास यांत ७,००० रुपयांपैकीं काय उरेल? वरठीस किंवा गडेगांवास घरून जाऊन-येऊन तितकेंच विद्यावेतन मिळत असेल, तर लहान नांवाची जागाही अधिक लाभाची ठरेल. घरून कांहीं भर घालावी लागली तरी शिकावयाचें काम खरें असेल तर ती वाया जात नाहीं. मात्र ही भर शेतावर कर्ज काढून घालूं नये. आणि हा हिशेब मुलीसाठींही तितक्याच मनापासून करावा. कायद्यानें तिचें विद्यावेतन मुलाहून एक पैसाही कमी नाहीं.

गांवोगांवच्या सहकारी संस्थांनीं आपल्या फळ्यावर खतांच्या भावाशेजारीं या जाहिरातींच्या तारखाही लिहाव्यात. अडचण पडल्यास भंडारा येथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत व जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रांत विचारावें. तेथील सल्ल्यास दाम पडत नाहीं. पेरणीची वेळ चुकली तर उत्तम बीही उपयोगी पडत नाहीं. अर्जाची मुदतही तशीच आहे, ती चुकूं देऊं नये.