पाड्यापर्यंत पोचणारा आरोग्यनिधी

सार्वजनिक आरोग्य हा राज्यघटनेच्या राज्यसूचीतला विषय आहे. त्यामुळे मेळघाट, भामरागड किंवा धडगावच्या पाड्यांवर आरोग्यसेवा पोचवण्याची पहिली जबाबदारी महाराष्ट्र शासनाची ठरते. त्यासाठीचा पैसा मुख्यतः तीन वाटांनी येतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या तरतुदीतून पगार आणि रुग्णालये चालतात. आदिवासी उपयोजनेतून अनुसूचित क्षेत्रासाठी वेगळी तरतूद होते. तिसरी वाट राष्ट्रीय आरोग्य अभियानाची. त्यात 2015-16 पासून केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के आहे.

नव्वदच्या दशकात सुकथनकर समितीच्या शिफारशीवरून राज्याने योजनाखर्चातला आदिवासींचा वाटा त्यांच्या लोकसंख्येशी जोडला. हे पाऊल मोठेच होते. 2011 च्या जनगणनेनुसार राज्यात आदिवासी 9.4 टक्के, म्हणजे एक कोटीहून अधिक आहेत. पण हा वाटा रस्ते, आश्रमशाळा, सिंचन अशा सगळ्याच कामांसाठी असल्याने आरोग्याच्या वाट्याला त्यातला एक तुकडाच येतो.

खरी अडचण निकषांत आहे. सपाटीवर 30 हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते, आदिवासी आणि डोंगरी भागात 20 हजारांमागे. उपकेंद्रासाठी हेच आकडे 5 हजार आणि 3 हजार आहेत. सवलत दिसते, पण माणसे मोजली जातात, अंतर मोजले जात नाही. सातपुड्यात तीन हजार लोक कितीतरी विखुरलेल्या पाड्यांत राहतात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो; नर्मदेकाठच्या गावांसाठी बोटीतून दवाखाना न्यावा लागतो. इंधन, नावाडी, मुक्कामाचा भत्ता हा खर्च डोक्यांच्या हिशेबात बसत नाही. निधीच्या सूत्रात अंतराला स्थान मिळाल्याशिवाय हा अन्याय मिटणार नाही.

मेळघाटातल्या बालमृत्यूंनी राज्य हादरल्यानंतर 1995 मध्ये नवसंजीवन योजना आली. भरारी पथके, पावसाळ्याआधी औषधे आणि धान्याचा साठा, गरोदर मातेला मातृत्व अनुदान, अशी तिची रचना होती. विविध विभागांची कामे जिल्हाधिकाऱ्यांच्या समन्वयाखाली आणण्याचा विचार आजही योग्य वाटतो.

मंजूर रक्कम आणि हातात आलेली रक्कम यांतही अंतर असते. आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय अभियानाचा पुढचा हप्ता सुटत नाही. कागद अडला की कंत्राटी परिचारिकेचे मानधन आणि गावातल्या आशा कार्यकर्तींचा मोबदला थकतो. मग मार्चअखेरीस खर्चाची घाई होते. जुलैत लागणाऱ्या औषधाला मार्चमधल्या पैशाचा उपयोग नसतो. शिवाय 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी 2020 पर्यंत अर्थसंकल्पाचा 8 टक्क्यांहून अधिक हिस्सा आरोग्यावर खर्च करावा असे म्हटले होते. महाराष्ट्र त्याच्या बराच मागे राहिला.

पैसा नेमका कुठे टाकावा, याचे उत्तर गडचिरोलीत मिळाले आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथे तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी घटला. 2011 पासून हे काम देशभर आशांकडे आले. बाळ 42 दिवसांचे होईपर्यंतच्या सहा-सात गृहभेटींसाठी आशाताईंना ठरवलेला मोबदला होता 250 रुपये.